तळहातावरची चव

"हे काय आहे?"

"भोपळ्याचं सूप."

"भोपळ्याला सांगितलंयस का?"

मावशीनं चमचा वाटीत उभा धरला आणि सोडून दिला. चमचा सावकाश कलला आणि काठाला टेकून पडून राहिला.

"बघ," ती म्हणाली, "त्यालाही झोप आली."

मी ओट्याला टेकून उभी होते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवून आले होते. आल्या आल्या तो दगडासारखा भोपळा सोलला, चिरला, उकडला, घुसळला. तेल चमच्यानं मोजून घातलं आणि मोजल्यावर त्यातलंही थोडं परत बाटलीत ओतलं. आणि आता ही नाटकं.

"मावशी, तुला वजन उतरवायचंय ना?"

"वजन उतरवायचंय. जगण्यावरची वासना उतरवायची नाहीये."

टेबलाच्या पलीकडे काकांनी आपली वाटी संपवून पुसून ठेवली होती. काका म्हणजे मावशीचे यजमान. बसमध्ये तिकीट तपासनीस होते, आता निवृत्त. त्यांना चव विचारली की ते तिकीट बघितल्यासारखे ताटाकडे बघतात आणि "चालेल" म्हणतात. अंगानं काडी. वाटेल ते खातात आणि काडीच राहतात, आणि या एका गोष्टीसाठी मावशीनं त्यांना लग्नापासून आजवर माफ केलेलं नाही.

मावशी बाटल्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. तिकडे तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, पण त्या 'बाई'त एक दचकणं असतं. नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा माझी आई म्हणाली होती, "माय मरो पण मावशी जगो ही म्हण तुझ्या मावशीनंच काढली असणार. जपून राहा."

तर या मावशीचा उजवा गुडघा गेला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, की आतली गादी पार झिजली आहे, गुडघा बदलायला हवा. पण या वजनावर मी सुरी लावणार नाही. आधी उतरवा, मग या.

इकडे कॅन्टीनचा मॅनेजर. माणूस भला, म्हणून जास्त धोकादायक. त्यानं मावशीला शेगडीपुढे एका पायावर उभं राहून ढवळताना पाहिलं आणि म्हणाला, "बाई, वर्षअखेरीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर कूपनच्या खिडकीत बसा. खुर्ची आहे, पंखा आहे."

हे मावशीनं घरी येऊन असं सांगितलं, जणू त्यानं तिला जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसायला सांगितलं होतं.

"पंखा आहे म्हणे! कूपनं फाडू मी? आत दुसरंच कुणी माझ्या पातेल्यात पळी घालणार आणि मी बाहेर बसून कागद फाडू?"

म्हणजे हिशेब सरळ होता. वजन उतरलं तर गुडघा, गुडघा मिळाला तर शेगडी. नाहीतर खिडकी. आणि वजन उतरवायची जबाबदारी आली माझ्या डोक्यावर, कारण कॅन्टीनमधून आल्यावर मावशीला घरच्या ओट्यापुढे उभंच राहवत नव्हतं.

मी कंबर कसली. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले. कोबी उकडला, गाजरं उकडली, कोंबडीचा तुकडा उकडला. एकदा फ्लॉवर किसून त्याचा भात केला. मावशीनं त्याच्याकडे बघून काकांना विचारलं, "हा भात आहे असं हिला कुणी सांगितलं असेल?" मी मेथड बदलली, मसाले घातले. मसाले कच्चे राहिले. भाजायला गेले तर करपले. रोज संध्याकाळी मावशी टेबलाशी बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायची आणि रोज संध्याकाळी मी तेच घोकायचे, की चिडायचं नाही, बाई आजारी आहे.

आणि दर रविवारी सकाळी वजनकाटा.

मावशी काट्यावर चढायची, भिंत धरून. तिला आकडा दिसायचा नाही, म्हणून काका वाकून वाचायचे.

"काय म्हणतोय?"

"तेच म्हणतोय."

"नीट बघा."

"मी नीट बघतोय. तो नीट हलत नाही."

"चष्मा लावा!"

"लावलाय. तुझ्या भाचीच्या दुकानातला आहे."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी काय खाता?"

"ही जे देते ते," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "म्हणजे काहीच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पदराआडून वडे पुरवतेय. बाहेर पडल्यावर माझा संयम संपला. रस्त्यातच. फळवाल्याच्या गाडीसमोर.

"मावशी, खरं सांग. कॅन्टीनमध्ये जेवतेस ना तू?"

ती थांबली. काठी रोवून उभी राहिली.

"डबा नेते मी. तुझा तो गवताचा डबा. सगळ्यांसमोर उघडते, सगळ्यांसमोर खाते, रिकामा परत आणते."

"मग वजन येतं कुठून? हवेतून?"

"इतकी वर्षं त्या शेगडीपुढे उभी आहे. एकदाही, एकदाही तिथलं ताट वाढून घेतलं नाही. कामगारांच्या वाटणीचं मी खाईन? तू मला चोर म्हणतेस?"

"मी चोर नाही म्हटलं."

"जेवतेस ना म्हणालीस. तेच झालं."

फळवाला सफरचंदं पुसायची थांबवून ऐकत होता. मावशी त्याच्यावरच उखडली, "काय बघताय? तुमच्याकडे वजनकाटा आहे म्हणून?"

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना मधे काका.

"तिला सांगा, मीठ कमी आहे."

"मीठ कमी आहे म्हणते."

"ऐकलं मी काका."

"ऐकलं म्हणते."

"आणि सांगा, उकडलेल्याला उकडलेलं म्हणतात, शिजलेलं म्हणत नाहीत."

काकांनी ते सांगितलं नाही. काकड्यांच्या चकत्या खात बसले.

मला राग येत होता आणि लाजही वाटत होती, कारण ती खोटं बोलत नव्हती. मावशीला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला गेली तर तिचा आवाज बारीक होतो, आणि त्या दिवशी रस्त्यात तिचा आवाज चांगला चौकापर्यंत गेला होता.

मग एका सकाळी बसच्या पायरीवर तिचा गुडघा अडकला. पुढे जाईना, मागे येईना. कंडक्टरनं आणि मी मिळून तिला वर घेतलं. मी दुकानात फोन करून सुट्टी टाकली आणि तिच्याबरोबर थेट कॅन्टीनला गेले. निदान जड उचलायला तरी कुणी हवं.

तिचं स्वयंपाकघर मी पहिल्यांदाच बघत होते. पांढऱ्या टाइलांच्या भिंती वाफेनं घामेजलेल्या. माणूस बसेल एवढाली पातेली. वर घरघरणारा पंखा. भाज्या चिरणाऱ्या दोघी, भांडी घासणारा एक, आणि मावशीचा मुख्य मदतनीस, पन्नाशीकडे झुकलेला, भरघोस मिशांचा, अंगानं दार अडेल एवढा आणि बोलायला अगदी मऊ. त्याचं नाव मावशीनं ठेवलं होतं छानराव. का, ते मला लवकरच कळायचं होतं.

मावशीनं एप्रन बांधला आणि लंगडत शेगडीपाशी गेली. तिथं पोचल्यावर लंगडणं बंद. पळी उचलली. रश्श्याच्या पातेल्यात वरच्यावर बुडवली, जिथं तेलाचा लाल तवंग होता तिथंच. पळी डाव्या तळहातावर टपकन आपटली. तळहाताच्या मधोमध एक गुळगुळीत, चकचकीत डाग आहे, वर्षानुवर्षं कढत रस्सा पडून पडून कातडी जाड झालेली. तळहात तोंडाला. डोळे मिटले.

"मीठ."

छानरावांनी मीठ टाकलं. पळी, तळहात, जीभ.

"अजून."

पळी, तळहात, जीभ. मग शेजारच्या डाळीची पळी. मग कस्टर्डची. भाताची चार शितं बोटांत चिरडली आणि तीही तोंडात गेली. कटलेटांचा पहिला घाणा निघाला. मावशीनं एक मोडलं, आत शिजलंय का बघितलं, अर्धं तोंडात टाकलं. दुसरा घाणा, दुसरं अर्धं. पुन्हा रस्सा.

मी बघत राहिले. अरे देवा.

मी मांडणीवरून एक रिकामं पातेलं घेतलं. ती पळी घेई, की मी दुसऱ्या पळीनं तेवढंच, तिथूनच, माझ्या पातेल्यात. ती अर्धं कटलेट खाई, की उरलेलं अर्धं माझ्या पातेल्यात.

"हे काय चाललंय तुझं?" तिनं विचारलं. रागात का होईना, बोलली.

"तू तुझं काम कर."

"मधे मधे लुडबुडू नकोस. भाजशील."

जेवणाची घंटा झाली, वाढप सुरू झालं, मावशी स्टुलावर टेकली आणि तिनं माझा डबा उघडला. वाफवलेल्या शेंगा. मी तिच्यापुढे पातेलं ठेवलं. एव्हाना वर तेलाचा जाड लाल थर आला होता. त्यात कस्टर्ड, त्यात कटलेटांचे तुकडे, त्यात भात.

"शी! हे कुणाचं?"

"तुझं."

"माझा डबा हा काय."

"डबा वेगळा. हे त्याच्या आधीचं. सकाळपासून तू जेवढं चाखलंस तेवढंच मी यात टाकलंय."

ती हसली. मग हसायची थांबली. छानराव खांद्यावरून डोकावले. "बाई, यात दोन माणसं जेवतील."

"तू गप्प बस." मग मला, "चव बघणं म्हणजे खाणं नव्हे."

"हे पोटाला कसं कळणार मावशी?"

"शिंपी दिवसभर कपडे शिवतो, म्हणून सगळे अंगावर चढवून हिंडतो का?"

"शिंपी कापड गिळत नाही!"

भाज्या चिरणाऱ्या दोघींपैकी एक फिस्सकन हसली आणि घाईघाईनं कांद्यावर वाकली. मावशी पातेल्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. जिंकल्यासारखं. काही वाटलं नाही.

"मग मी करू काय?" शेवटी ती म्हणाली. "डोळे बांधून गाडी हाकू?"

"थोडंसं घे. चमच्याच्या टोकाएवढं."

"टोकानं कळत नाही. जीभ भरली पाहिजे."

"मग चाखून टाकून दे. चहाची पारख करणारे थुंकतात म्हणे."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी दोन पावलं मागे सरले. "अन्न थुंकू? शेगडीपुढे उभं राहून? त्यापेक्षा खिडकीत बसेन."

राहिला एकच मार्ग. दुसऱ्या कुणीतरी चाखायचं आणि तिला सांगायचं. दुसरं कुणीतरी म्हणजे छानराव. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. त्याचं वर्णन मला मावशीनं घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवलं.

"चाख."

"छान आहे बाई."

"छान म्हणजे काय? मीठ?"

"मीठ आहे."

"आहे ते मलाही माहीत आहे, मीच टाकलंय. पुरे आहे का?"

"हो. म्हणजे... छान आहे."

"आंबट?"

"थोडंसं. छान आंबट."

"अरे मेल्या, लिंबू पिळू की नको?"

"तुम्ही म्हणाल तसं!"

पालथ्या घड्यावर पाणी. त्या आठवड्यात रस्सा एकदा अळणी झाला, एकदा इतका खारट, की कामगारांनी पाण्याचे जग रिकामे केले. मॅनेजर स्वतः आत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमची तब्येत ठीक नाही. मी खिडकीतली खुर्ची बदलून घेतलीय, गादीची आणलीय."

त्या संध्याकाळी मावशीनं काठी कोपऱ्यात फेकली. "बस्स. उद्यापासून चाखणार. गुडघा गेला खड्ड्यात."

मग मात्र मी बोलले. एवढे दिवस गिळलेलं सगळं. "हो, चाख! चाख ना! तळहात कशाला, ताट घेऊन बस शेगडीपाशी! मी इथं गाजरं उकडून उकडून केशरी झालेय, काका काकड्या खाऊन खाऊन आडवे झालेत, आणि तू म्हणतेस गुडघा गेला खड्ड्यात? गुडघा गेला की तू उभी कशी राहणार? उभी राहिली नाहीस की शेगडी गेलीच! दोन्हीकडून खिडकीच आहे मावशी! जरा तरी डोकं चालव!"

"ओरडू नकोस."

"ओरडेन!"

"त्या मिशीवाल्याला घरी बोलाव," काका म्हणाले.

आम्ही दोघी वळलो. काका जेवणाच्या टेबलावर आपण होऊन बोलत नाहीत.

"त्याला जीभ आहे. भेद माहीत नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे नवा तपासनीस आला, की त्याला आम्ही आधी खोटी तिकिटं दाखवायचो. कालचं, दुसऱ्या मार्गाचं, खाडाखोड केलेलं. खरं तिकीट दाखवून काही शिकता येत नाही. खोटी शंभर बघितली, की खरं हाताला कळतं." एवढं बोलून ते दमले आणि पाणी प्यायले.

"म्हणजे मी मुद्दाम वाईट रांधू?" मावशी म्हणाली. "या हातांनी?"

"हिच्याकडून शिक," काका माझ्याकडे मान करून म्हणाले.

माणूस कमी बोलतो ते बरंच आहे.

तर छानराव पाळी सुटल्यावर घरी यायला लागले. दारात चपला काढून, टोपी गुडघ्यावर ठेवून, खुर्चीच्या कडेला बसायचे. मावशी ओट्यापाशी उंच स्टुलावर. तीन लहान पातेल्यांत तीच मसुराची डाळ, प्रत्येकीत एक खोट. एकीत मीठ कमी, एकीत लसूण करपवलेला, एकीत लिंबू जास्त. लसूण करपवताना मावशीचा चेहरा बघण्यासारखा होता, जणू कुणी तिला लेकराला चिमटा काढायला लावलंय.

"चाख. आणि तो शब्द दाराबाहेर चपलांपाशी ठेवून ये."

छानरावांनी पहिली डाळ चाखली. कपाळाला घाम. "बाई, मला तुमचे शब्द येत नाहीत."

"मग तुझे वापर. तू आधी काय करायचास?"

"सुतार होतो. दारं-खिडक्या बसवायचो."

"मग दार आहे असं समज. कसं बसलंय?"

त्यांनी परत एक चमचा घेतला. मिशीवरून जीभ फिरवली. "सांधा ढिला आहे," ते बिचकत म्हणाले. "सगळं जागेवर आहे, पण धरून नाही."

मावशी स्टुलावर ताठ झाली. "मीठ! मीठ कमी आहे! पुढची?"

"हिची... कड टोचतेय. घासायला हवी."

"लिंबू! आणि ही?"

"हिला आतून वाळवी आहे."

"लसूण!" मावशी एवढ्यानं ओरडली, की काकांच्या हातातला पेला हिंदकळला. "अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्हीच चाखायच्यात."

यावर मावशीनं फडकं उचलून स्वच्छ ओटा पुन्हा पुसला.

खोट्या डाळी झाल्या, की एक खरं जेवण व्हायचं, आमच्या सगळ्यांसाठी, आणि तेही न चाखता. इथं माझी खरी परीक्षा होती, कारण शिजवायचे हात माझे आणि नाक मावशीचं.

"कांद्याला तेल नको. कोरड्या तव्यावर टाक, चिकटला की पाण्याचा शिपका मार. थांब. आत्ता नाही. चरचर बदलू दे... हं, आत्ता."

"टोमॅटो आख्खे भाज. सालं काळी होऊ देत. घाबरतेस काय, करपणं वेगळं आणि भाजणं वेगळं. वास घे. गोड आला ना?"

"मश्रूम ढवळू नकोस! त्याचं पाणी त्यालाच पिऊ दे."

"गॅस बंद कर आणि मग लिंबू. उकळत्यात पिळलंस तर आंबटपणा वाफेबरोबर शेजारच्यांकडे जातो."

जिरे कोरडे भाजून शेवटी वरून. मीठही शेवटी, म्हणजे थोड्यात भागतं. कोंबडी आधी दह्यात मुरवून मग झाकणाखाली, तिच्याच रसात. पहिल्यांदा मी ते खाल्लं तेव्हा ताटाकडे परत एकदा नीट बघितलं. ताटात तेच होतं, तीच गाजरं, तोच कोबी, तेल तर माझ्यापेक्षाही कमी. आणि काकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप.

"हे तुला येत होतं?" मी विचारलं. "इतके महिने मी कोबी उकडत होते, तू नाक मुरडत होतीस, आणि हे सगळं तुझ्या डोक्यात होतं?"

"तू पुस्तकातून करत होतीस. मला वाटलं, पथ्याचं असंच असतं. वाईट लागलं म्हणजे गुण येत असेल."

"आणि तू बोलली नाहीस!"

"रोज तर बोलत होते."

"टोमणे मारत होतीस! टोमणा म्हणजे कृती नव्हे!"

छानराव टोपी हातात घेऊन उठले. "मी निघतो बाई. उद्या येतो."

"बस खाली," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

कॅन्टीनमध्ये हळूहळू घडी बसली. मावशी शेगडीपुढे, छानराव पळी घेऊन. "सांधा?" "बसला." "कड?" "थोडी घासा." भाज्या चिरणाऱ्या दोघींनाही ती भाषा यायला लागली. मॅनेजर एकदा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला वाटलं, स्वयंपाकघरात फर्निचरचं काम काढलंय. रस्सा मात्र ताळ्यावर आला. आणि वजनकाट्यावर वाकलेले काका एका रविवारी तसेच वाकून राहिले.

"कंबर धरली का?" मावशीनं विचारलं.

"हललाय."

"काय?"

"काटा. हललाय. खाली."

त्या दिवशी मावशी काट्यावरून उतरेचना. मग तो हलतच राहिला, कधी भरभर, कधी कुरकुरत. एकदा वरही गेला, तेव्हा दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. वर्ष संपायच्या आत डॉक्टरांनी तारीख दिली.

आणि तारीख हातात आल्यावर मावशीचा चेहरा पडला. कारण तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं: गुडघा बदलायचा म्हणजे काही आठवडे अंथरुणात. तेवढे दिवस शेगडीपुढे दुसरं कुणीतरी. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुमची जागा तुमचीच. पण मधल्या काळात जेवण बिघडलं, तर मला बाहेरचा ठेकेदार आणावा लागेल. आणि ठेकेदार एकदा आला की जात नाही."

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी ती सकाळी हटून बसली, की आधी कॅन्टीन, मग दवाखाना. मी पिशवी घेऊन मागे. त्या दिवशी पळीही छानरावांची आणि शेगडीही छानरावांची. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली, हात पाठीमागे. रस्सा उकळला. वाफ आमच्यापर्यंत आली. तिनं नाक वर केलं.

"मीठ हवंय."

छानरावांनी पळी बुडवली, चाखलं, गिळलं. "नको बाई. बसलाय."

"मला वासानं कळतंय. हवंय."

"मला जिभेनं कळतंय," छानराव म्हणाले. आवाज मऊच होता, पण मिठाच्या डब्यावर हात ठेवला होता. झाकणावर. "नको."

कांदे चिरायचे थांबले. भांडी घासणाऱ्यानं नळ बंद केला. त्या खोलीत 'नको' हा शब्द बाईंना कुणी म्हटलेला नव्हता.

मावशी भिंत सोडून पुढे आली. तिनं त्यांच्या हातातली पळी घेतली, रश्श्यात बुडवली, डाव्या तळहातावर टपकन मारली. मी तोंड उघडलं होतं ओरडायला. तळहात तोंडाकडे निघाला आणि मधेच थांबला. लाल रस्सा बोटांच्या फटींतून मनगटाकडे ओघळायला लागला. तिनं छानरावांकडे बघितलं, छानरावांनी पातेल्याकडे बघितलं, डबा काही सोडला नाही.

मावशीनं तळहात एप्रनला पुसला.

"वाढा," ती म्हणाली.

घंटा झाली. मावशी वाढपाच्या खिडकीआड उभी राहिली, झडपेच्या फटीतून बाहेर बघत. मी तिच्या खांद्यामागे. पहिल्या टेबलावर भट्टीवरचा एक आडदांड कामगार बसला. त्यानं पाव मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला. चावला. मग हात लांब केला, टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या मिठाच्या बाटलीकडे. मावशीनं माझं मनगट पकडलं. अजून दुखतं ते.

त्यानं बाटली उचलली, बाजूला सारली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कोपर टेकवून रश्श्याचं ताट दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं.

मावशीनं माझं मनगट सोडलं. मागे न बघता एप्रन सोडला आणि खुंटीवर न टांगता छानरावांच्या खांद्यावर टाकला. ते काही बोलायच्या आत म्हणाली, "डाळ लागतेय खाली. तिकडे बघ."

मग माझ्याकडे वळली.

"उभी काय राहिलीस? उचल ती पिशवी. दवाखाना काय चालत इथं येणार आहे का?"